माणशी रोज किती फायली? रेकॉर्ड रूममधल्या आकड्यामागची गोष्ट

रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूमची तपासणी निघाली की एक प्रश्न ठरलेला: 'माणशी रोज किती फायली होतात?' आकडा सांगितला तर 'एवढ्याच?' आणि नाही सांगितला तर कामचुकारपणाचा शिक्का. हा प्रश्न मुळात दवाखान्यातला नाहीच. तो कारखान्यातून आला, आणि येताना त्याच्या अटी मात्र तिकडेच राहिल्या.

१८९९ च्या सुमारास फ्रेडरिक टेलरने अमेरिकेतल्या बेथलेहेम पोलाद कारखान्यात बिडाच्या लाद्या वाहणाऱ्या मजुरांचं काम घड्याळ लावून मोजलं. दिवसाला साडेबारा टन वाहणारा गडी ४७.५ टन वाहू शकतो, असा त्याचा दावा. मग हे घड्याळ सगळीकडे फिरलं. १९११ मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ते पोचलं तेव्हा तिथल्या फाउंड्रीतल्या मोल्डरांनी, म्हणजे साचे भरणाऱ्या कामगारांनी, सरळ काम बंद केलं. प्रकरण इतकं तापलं की १९१५ मध्ये अमेरिकी संसदेने सरकारी शस्त्रागारांतल्या स्टॉपवॉचचा पैसाच बंद केला. कोल्हापूरच्या शिरोली किंवा उद्यमनगरातल्या फाउंड्रीत साचे भरलेल्या माणसाला त्या मोल्डरांचा राग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

या भांडणातून पुढे एक बरी गोष्ट झाली. काम मोजायचं शास्त्र थोडं माणसाळलं. नुसता हात चालण्याचा वेळ धरायचा नाही; थकवा, पाणी-लघवी, वाट बघण्यात जाणारा वेळ यांची सूट धरूनच 'प्रमाणवेळ', म्हणजे एका कामाला द्यायचा वेळ, काढायची, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही मांडलं. आपल्याकडे राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ मध्ये आली, तिच्या प्रशिक्षणातही हेच शिकवलं गेलं. म्हणजे घड्याळाबरोबर सूट हवीच, हे जुनं ठरलेलं आहे. रेकॉर्ड रूमपर्यंत फक्त घड्याळ पोचलं.

तोवर रेकॉर्ड रूमची मोजणी वेगळीच होती. कोल्हापूरला तर दफ्तराची परंपरा जुनी. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सांभाळणाऱ्या कारकुनाची पारख एकाच गोष्टीवर व्हायची, मागितलेला कागद निघतो की नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलचं पुढे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय झालं, तरी सरकारी रुग्णालयांत पदं मंजूर होताना मुख्यतः खाटा बघितल्या जायच्या, कामाचा उरक नव्हे. अमेरिकेत या कामाला पेशा म्हणून ओळख मिळाली ती १९२८ मध्ये, बोस्टनमध्ये रेकॉर्ड लायब्रेरियनांची संघटना उभी राहिली तेव्हा.

संगणक आला आणि सगळं बदललं. लिपिक-टंकलेखकासाठी मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द मिनिटाला. केंद्राच्या भरतीत डेटा एंट्री ऑपरेटरसाठी तासाला ८,००० की-डिप्रेशन, म्हणजे कळा दाबणं. हे निकष परीक्षेतले. समोर स्वच्छ छापील उतारा असतो, पंधरा मिनिटांत पेपर संपतो. तोच वेग दिवसभराच्या कामाला लावणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा, असं माझं मत आहे.

कारण केस पेपर म्हणजे छापील उतारा नव्हे. मोतीबिंदूची फाईल घ्या: दहा-बारा पानं, एक संमतीपत्र, एक ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड, हातावेगळी व्हायला वेळ लागत नाही. शेजारी भाजलेल्या रुग्णाची घ्या. एमएलसीचा (पोलिसांना कळवायच्या केसचा) शिक्का, पोलिसांचं पत्र, रोजचे नर्सिंग चार्ट, एकावर एक चिकटवलेल्या लॅबच्या चिठ्ठ्या, तीन युनिटच्या निवासी डॉक्टरांची तीन अक्षरं, आणि शेवटच्या पानावर सही नाही. त्या सहीसाठी वॉर्डात दोन हेलपाटे. रजिस्टरात दोन्हींची नोंद 'फाईल: १'.

हे कोडं आपल्याच जिल्ह्यात फार पूर्वी सुटलेलं आहे. १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसलेल्या इचलकरंजीत मजुरी नुसत्या मीटरवर ठरत नाही, पिकावरही ठरते; इंचात आडवे धागे किती, त्यावर. विरळ कापडाचा मीटर आणि दाट कापडाचा मीटर एका भावाने कुणी धरत नाही. रेकॉर्ड रूमला एवढंच हवं आहे: फाईल मोजा, पण तिचं पिकही मोजा.

कॅन्सर रजिस्ट्रीच्या, म्हणजे एखाद्या भागातल्या सगळ्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवण्याच्या, कामात तर नग मोजणं आणखी फसवं. मुंबईची कॅन्सर रजिस्ट्री १९६३ ची, बार्शीची ग्रामीण रजिस्ट्री १९८७ ची. आपल्या रजिस्ट्र्यांत माहिती आपोआप चालत येत नाही; कर्मचाऱ्यानेच रुग्णालयं, लॅब, मृत्यूनोंदी धुंडाळायच्या. त्यात रुग्ण त्या भागात किमान वर्षभर राहत असला तरच तो तिथला. हंगामात उसाच्या फडावर आलेल्या बीडच्या तोडकऱ्याच्या केस पेपरवर पत्ता करवीर तालुक्याचा असतो; तो कुठला, हे ठरवण्यातच सकाळ जाते. सिंधुदुर्ग आणि बेळगावकडच्या रुग्णांची हीच तऱ्हा. शेवटी तो केस पेपर 'नोंद नाही' म्हणून बाजूला निघाला तर दिवसाचा आकडा शून्य, काम मात्र चोख. चुकीची नोंद घातली असती तर आकडा एक.

कोडिंगचं, म्हणजे प्रत्येक निदानाला ठरलेला कोड लावण्याचं, तसंच. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ ला आयसीडी या आजारांच्या कोडयादीची नववी आवृत्ती (आयसीडी-९) जाऊन दहावी (आयसीडी-१०) आली, निदानाचे कोड साधारण चौदा हजारांवरून अडुसष्ट हजारांवर गेले. कसलेल्या कोडरांचाही वेग पहिल्या महिन्यांत घसरला. बऱ्याच रुग्णालयांनी तो घसरणार हे आधीच धरून जादा माणसं, ओव्हरटाइम ठेवला होता. आपल्याकडे नवं सॉफ्टवेअर बसतं त्या सोमवारीही उद्दिष्ट जुनंच असतं.

आता स्कॅनिंगची भर पडली आहे, आणि तिथला हिशोब बहुतेक पानावर होतो. फायलीपेक्षा पान बरं, निदान जाड-बारीक तरी कळतं. पण टाचण्या काढणं, ओलीने चिकटलेली पानं सोडवणं, एक्स-रे वेगळे करणं आणि दोन 'पाटील सुभाष' एकाच गठ्ठ्यात आलेत का ते बघणं, हे कुठल्याच पानावर उमटत नाही.