सागरी पातमुख आणि जैविक प्रक्रिया: पांगवणे वेगळे, काढून टाकणे वेगळे

सांगलीत शहराचे सांडपाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरीनाल्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतो, मुंबईसारखे अवाढव्य शहर आपले मैलापाणी समुद्रात सोडून मोकळे होते, मग कृष्णाकाठच्या आम्हालाच एवढे नियम कशाला? या प्रश्नात सागरी पातमुख (मैलापाणी समुद्रात दूरवर नेऊन सोडणारा बोगदा) आणि जैविक प्रक्रिया या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. दोन्हींसाठी ‘मलजल प्रक्रिया’ हाच शब्द सर्रास वापरला जात असल्याने गल्लत होणे स्वाभाविक आहे. पण पहिलीत घाण मुख्यतः पांगवली जाते, तर दुसरीत ती पाण्यातून काढली जाते.

पातमुखाच्या पद्धतीत मैलापाणी जाळ्यांतून गाळून चिंध्या आणि प्लास्टिक वेगळे करतात, वाळू खाली बसू देतात आणि उरलेले पाणी समुद्रतळाखालच्या बोगद्यातून किनाऱ्यापासून दूर नेऊन सोडतात. वरळी आणि वांद्रे येथील पातमुखे तीन किलोमीटरहून अधिक लांब आहेत. मैलापाणी गोडे, म्हणून समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके. ते वर चढता चढता खाऱ्या पाण्यात मिसळत जाते, आणि पुढचे काम भरती-ओहोटी, ऊन आणि खारेपणा यांच्यावर सोपवलेले असते. विरघळलेली घाण मात्र कोणत्याही जाळीत अडकत नाही.

जैविक प्रक्रियेत याच विरघळलेल्या घाणीवर जिवाणू सोडले जातात. टाकीत सतत हवा फुंकून त्यांना प्राणवायू पुरवतात, ते सेंद्रिय पदार्थ खाऊन वाढतात, आणि पुढच्या टाकीत त्यांचाच गाळ होऊन तळाशी बसतो. या गाळाचा काही भाग पुन्हा हवेच्या टाकीत परत पाठवतात, कारण कामकरी जिवाणू त्यातच असतात. उरलेला वाळवून बाहेर काढावा लागतो. हवा फुंकण्यासाठी वीज अखंड लागते, त्यामुळे केंद्र उभारल्यावर ते चालवणेही खर्चिक ठरते.

नदीला पहिली पद्धत का चालत नाही, हे साध्या हिशेबाने समजते. मैलापाण्यातील घाण कुजताना जेवढा प्राणवायू ओढते, त्याला बीओडी म्हणतात. कच्च्या मैलापाण्यात तो लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅम धरता येतो. उन्हाळ्यातल्या स्वच्छ नदीच्या एका लिटरात विरघळलेला प्राणवायू असतो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर मैलापाणी सुमारे ३३ लिटर नदीचा प्राणवायू संपवू शकते. कोयनेतून पाणी सुटले नाही की बंधाऱ्यामागे साचून राहणाऱ्या कृष्णेला हे झेपणार कसे? शिवाय नदीच्या खालच्या अंगाला कुणाचे तरी जॅकवेल, म्हणजे पाणीपुरवठ्यासाठी पाणी उपसण्याची विहीर, असतेच. समुद्राचे पाणी सहसा कुणी नळाला घेत नाही.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण निकषांतही हा भेद दिसतो: नदीत सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची मर्यादा ३० मिलिग्रॅम, तर किनाऱ्यालगतच्या समुद्रासाठी १००. म्हणून समुद्राला सगळे चालते, असा याचा अर्थ काढू नये. मुंबईनेही निव्वळ पातमुखांवर विसंबणे सोडले असून, वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप येथील, एकत्रित सुमारे २,४६० एमएलडी (दररोज दशलक्ष लिटर) क्षमतेच्या सात प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले.

सांगलीने शेरीनाल्यासाठी आखलेली धुळगावची योजना पातमुखापेक्षा वेगळी, आणि वर सांगितलेल्या हवेच्या टाक्यांहूनही निराळी आहे. तिच्यात सांडपाणी उपसून धुळगावच्या तळ्यांत साठवायचे, तेथे ऊन, शेवाळ आणि जिवाणू यांच्याकडून ते निवळून घ्यायचे आणि मग शेतीला द्यायचे, अशी कल्पना आहे. सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्यालाही त्याच निकषांत १०० मिलिग्रॅमची मुभा आहे, कारण उरलेली घाण मातीतले जिवाणू पचवतात. पंप बंद पडला, की तेच पाणी पुन्हा नाल्याच्या उताराने कृष्णेकडे निघते.