गिऱ्हाइकाच्या तोंडी बसणारे नाव : ब्रँडच्या नामकरणाची पार्श्वभूमी

नव्या उत्पादनाचे नाव सुटसुटीत असावे, उच्चारायला सोपे असावे आणि दुसऱ्या कुणाच्या नावाशी त्याची गल्लत होऊ नये, हे निकष आज जाहिरात संस्थांचे सल्लागार सांगत असले, तरी आपल्याकडे ते प्रथम ठरले किराणा दुकानाच्या गल्ल्यासमोर. माल दुकानदाराच्या पाठीमागच्या फळ्यांवर आणि गिऱ्हाईक रस्त्याच्या बाजूला उभे, अशी रचना असल्यामुळे वस्तू हाताळून निवडण्याची सोय नव्हती. ती मागावी लागे, आणि मराठी, गुजराती, कोकणी, हिंदी अशा निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या मुंबईसारख्या शहरात ज्याचे नाव घेता येत नाही तो माल खपणे कठीणच होते.

म्हणूनच नावाच्या आधी चित्र आले. विलायतेहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर देवदेवता, हत्ती, वाघ यांची रंगीत तिकिटे चिकटवलेली असत आणि ज्याला अक्षरओळख नाही तोही चित्र सांगून नेमका माल मागू शके. गाय छाप जर्दा, माकड छाप काळी टूथ पावडर ही नावे त्याच वळणाची आहेत. दुसरा सोपा मार्ग आडनावाचा होता. किर्लोस्करांचा नांगर आणि बेडेकरांचा मसाला विकला गेला तो त्या घराण्यांच्या पतीवर; पण ज्याची पत अजून तयार व्हायची आहे, त्या नव्या माणसाला हा मार्ग फारसा उपयोगाचा नव्हता.

या दोहोंच्या पलीकडे गेलेले एक उदाहरण शाईच्या धंद्यातले आहे. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी 1931 मध्ये मुंबईत बंधू गोविंद यांच्यासह शाईची पूड व गोळ्या विकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या मालावर 'हॉर्स ब्रँड' हे नाव होते. पुढे फाउंटन पेनच्या शाईसाठी 'कॅमल' आले आणि 'कॅमल' व 'इंक' यांच्या जोडणीतून 'कॅमलिन' तयार झाले. उंटाचा शाईशी काहीएक संबंध नाही, आणि माझ्या मते या नावाचे खरे बळ त्यातच आहे. कारण आपल्या शाईचे वर्णन करण्यासाठी हा शब्द मला हवाच, असे कुणाही प्रतिस्पर्ध्याला म्हणता येत नाही.

वर्णनात्मक नावाचे काय होते, हे बिस्किटांच्या बाजारात दिसले. विलेपार्ले येथे 1929 मध्ये सुरू झालेल्या पार्ले कंपनीने 1939 पासून बिस्किटे बनवायला घेतली आणि 'पार्ले ग्लुको' लोकप्रिय झाले. मात्र ग्लुकोज हा घटक कुणाच्या मालकीचा नसल्याने इतरांनीही आपल्या बिस्किटांना तशीच नावे दिली, आणि नुसते 'ग्लुको बिस्किट' मागणाऱ्याच्या हाती दुकानदार जो पुडा जवळ असेल तो ठेवू लागला. 1980 च्या दशकात कंपनीने नाव बदलून 'पार्ले-जी' केले, म्हणजे सर्वांचा असलेला शब्द एका अक्षरावर आणला आणि भर गावाच्या नावावर दिला.

याच शब्दावरून त्याआधी एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. शांग्रिला या बिस्किट उत्पादकाने 1949 मध्ये 'ग्लुविटा' या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला आणि 'ग्लुकोविटा' ही ग्लुकोजची पूड विकणाऱ्या कंपनीने त्याला हरकत घेतली. एक पूड आणि दुसरे बिस्किट असले, तरी बिस्किटांत ग्लुकोज वापरले जाते, त्यामुळे दोन्ही माल एकाच घरचे असावेत असा समज होऊ शकतो, हे मान्य करून न्यायालयाने 1959 मध्ये नोंदणी नाकारली.

'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या 1962 च्या निकालात तर गल्ल्यासमोरचे गिऱ्हाईकच न्यायालयाचे माप झाले. भाषेच्या जाणकाराला या दोन नावांतला फरक लगेच कळेल. परंतु औषध घेणारी खेड्यातली व शहरातली माणसे साक्षर आणि निरक्षर अशी दोन्ही प्रकारची आहेत, ती नावाची फोड करत बसत नाहीत आणि अर्धवट आठवणीवर विसंबून माल मागतात, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. नावे फसगत होण्याइतकी सारखी ठरली. (दोन्ही औषधे वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी विकली जात असूनही 'अमृतधारा'वाल्यांनी आधी तक्रार न केल्याने 'लक्ष्मणधारा'ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मात्र मिळाली, हक्काचे नाव असले तरी गप्प बसून चालत नाही, हा धडा उद्योजकांच्या नजरेतून सहसा निसटतो.) 2001 मध्ये 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या मलेरियावरील औषधांच्या वादात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की ज्या देशात सर्वांची एक भाषा नाही आणि इंग्रजी जाणणारे थोडे आहेत, तिथे इंग्लंडमधल्या ग्राहकाला लावलेली कसोटी चालणार नाही, आणि औषधाच्या बाबतीत तर गफलत जिवावर बेतू शकत असल्याने ती अधिक कडक हवी.

1940 च्या पहिल्या ट्रेडमार्क कायद्यापासून सुरू झालेली नोंदणीची व्यवस्था आज 1999 च्या कायद्याखाली चालते. हा कायदा 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झाला. त्याचे कलम 9 मालाचा केवळ प्रकार, गुण किंवा उगमस्थान सांगणारी नावे अडवते. दीर्घ वापराने ते नाव लोकांच्या मनात त्या मालाशी जोडले गेल्याचे सिद्ध केले तरच ती अट सैल होते. आधीच्या नावांशी असलेले साधर्म्य कलम 11 खाली तपासले जाते. अर्ज करण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घेताना स्पेलिंगबरोबरच उच्चारावरूनही शोधण्याची सोय आहे, आणि स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर फिरवून नाव 'वेगळे' केल्याच्या समाधानात असलेल्या कित्येकांची गाडी तिथेच अडते.