फौजीची सुट्टी: सोलापूरकडच्या घरांत तिचं गणित कसं बसत गेलं

गावात फौजी सुट्टीवर आला की लोक हमखास म्हणतात, काय बाबा मजा आहे, दोन-दोन महिने घरी. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण आमच्या घरातही फौज आहे आणि त्या दोन महिन्यांत काय काय बसवावं लागतं ते जवळून बघितलंय. नियम असा की लष्करातल्या जवानाला वर्षाला 60 दिवस ॲन्युअल लीव्ह आणि 30 दिवस कॅज्युअल. कागदावर 90 दिवस होतात, पण सुट्टी हक्क म्हणून मागता येत नाही, ती मंजूर व्हावी लागते, आणि युनिटमधून एका वेळी ठरावीक जणांनाच सोडतात. त्यामुळं कुणाला दिवाळी मिळते, कुणाला सोलापूरची गड्ड्याची, म्हणजे संक्रांतीतली सिद्धेश्वराची यात्रा, आणि कुणाला ऐन मे महिन्यातलं रखरखीत ऊन. हे सगळं आजचं नाही, याला फार जुना इतिहास आहे, म्हणून थोडं मागं जाऊन सांगतो.

शिवकाळात रजा अशी वेगळी नव्हतीच, ऋतू हीच रजा. पावसाळ्याचे चार महिने फौज छावणीला परत यायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून आठ महिने मुलूखगिरीला बाहेर पडायची. नदी-नाले भरलेले, वाटा चिखलाच्या, घोड्याला चालता येत नाही, मग लढणार कसं, हे साधं कारण. पण त्यामुळं घरच्यांना एक गोष्ट पक्की माहीत असायची की माणूस जगला-वाचला तर पावसाच्या तोंडाला मुलखात परत येणार. ही खात्री पुढं कधीच मिळाली नाही असं माझं मत आहे.

मग इंग्रज आले. 1818 च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि मे महिन्यात सोलापूरचा भुईकोट किल्ला इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेनं घेतला. त्यानंतर इथं इंग्रजांची छावणी बसली, शहरात आजही लष्कर आणि सदर बझार ही वस्त्यांची नावं आहेत ती त्याच काळाची, तिथून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांच्या हे लक्षातही नसतं. कंपनीच्या पलटणी बारा महिने पगारी झाल्या, आता पाऊस आला म्हणून कुणी घरी जात नव्हतं, रजा साहेबाच्या सहीनं मिळायला लागली. आणि मिळाली तरी गाव गाठायचं पायी, त्यामुळं पोचायला आणि परत जायलाच आठवडे जायचे.

हे बदललं रेल्वेनं. 1860 मध्ये जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला आली. पुढं 1897 मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शीला छोट्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, 1906 ला ती पंढरपूरपर्यंत गेली. म्हणजे बार्शी, माढा, पंढरपूर भागातला शिपाई मोठ्या गाडीतून कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीत बसला की घराच्या बरंच जवळ पोचायचा. रस्त्यातले दिवस वाचले आणि तेच दिवस घरच्यांच्या वाट्याला आले. आपल्याकडं रेल्वेचा इतिहास लिहिताना कापूस, गिरण्या, दुष्काळातलं धान्य हे सगळं येतं, ते बरोबरच आहे, पण रेल्वेमुळं शिपाई आपल्या पोरांजवळ चार दिवस जास्त राहायला लागला हे पण त्यात यायला पाहिजे.

दोन महायुद्धांनी मात्र सुट्टी हा प्रकारच जवळजवळ पुसून टाकला. 1914 च्या नोव्हेंबरात पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली, त्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 पासून तिथल्या कूत शहराला वेढा पडला, उपासमार झाली आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती. तिथून जे कैदेत गेले त्यातले कितीतरी परत आलेच नाहीत आणि जे आले ते लढाई संपल्यावर, तोपर्यंत घरी सोडून गेलेलं तान्हं पोर शेरडं राखायला जायच्या वयाचं झालेलं. दुसऱ्या महायुद्धात पण तेच, मराठा पलटणी एरिट्रियात केरेनला लढल्या, उत्तर आफ्रिकेत, इटलीत लढल्या, 1942 च्या जूनमध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा मराठ्यांची एक अख्खी बटालियन कैद झाली. बोटीनं गेलेला माणूस दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त, परत दिसायचा नाही. मागं राहिलेल्या बायांनी शेतं कसली, दावणीची जनावरं सांभाळली, सासू-सासऱ्यांचं केलं. त्यांचं नाव कुठल्या स्मारकावर नाही.

स्वातंत्र्यानंतर पल्ला कमी झाला, समुद्र ओलांडायचा राहिला नाही, पण लेह, तवांग, पूंछ काय जवळ आहेत का. ज्यांचे वडील सत्तर-ऐंशीच्या दशकात फौजेत होते त्यांना पत्त्यातलं ‘56 एपीओ’, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, अजून तोंडपाठ असेल. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली केअर ऑफ 56 एपीओ, बस. माणूस नेमका कुठं आहे ते पत्त्यावरून कळायचं नाही, कळू नये म्हणूनच ती व्यवस्था. सुट्टी मंजूर झाल्याचं पत्र आणि तो माणूस स्वतः, दोघं कधी कधी एकाच दिवशी घरी पोचायचे.

आणि यायची वाट कुठली, तर झेलम एक्सप्रेस. जम्मूहून निघायची, मनमाड, नगर करत दौंडला यायची आणि पुण्याला जायची. सोलापूरवाला जवान दौंडला उतरायचा, काळी ट्रंक आणि बिस्तर घेऊन, आणि तिथून सोलापूरकडं जाणारी जी गाडी मिळेल ती पकडायचा, रिझर्व्हेशन असो नसो. दिल्लीकडून येणाऱ्याला कर्नाटक एक्सप्रेस थेट सोलापूरला. पुण्याहून आला तर हुतात्मा एक्सप्रेस, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांच्या स्मरणाची गाडी. रेल्वे वॉरंट असतं, तिकिटाचे पैसे वाचतात, पण वॉरंट आहे म्हणून बर्थ मिळतोच असं नाही, संडासाजवळ ट्रंकेवर बसून आलेले जवान लोकांनी बघितलेत. लांबच्या पोस्टिंगहून आजही घरी यायला तीन-चार दिवस सहज जातात, त्यात काश्मीरकडं बर्फ पडून रस्ता बंद झाला तर ट्रान्झिट कॅम्पात अडकून पडायचं. 2025 च्या जूनमध्ये चिनाब पुलावरून काश्मीर खोऱ्यात थेट रेल्वे सुरू झाली त्याचं कौतुक म्हणूनच फौजींच्या घरात जरा जास्त झालं.

आता घरातलं सांगतो, कारण इतिहास म्हणून हे कुणी लिहून ठेवत नाही. आपला जिल्हा रब्बीचा. ज्वारी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, डिसेंबर-जानेवारीत हुरडा, फेब्रुवारी-मार्चमध्ये सुगी. त्यामुळं इथल्या जवानाला सुट्टी हवी असते ती एक तर पेरणीला नाही तर सुगीला, आणि मनातून हवी असते संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या यात्रेला, नंदीध्वज खांद्यावर घ्यायला किंवा नुसतं अक्षता सोहळ्याला उभं राहायला आणि होम मैदानावर पोरांना पाळण्यात बसवायला. पण पोरांच्या शाळेला सुट्टी उन्हाळ्यात. लग्नाची तारीख पण उन्हाळ्यात. या तिन्हीचा मेळ कधीच बसत नाही, दरवर्षी एक काहीतरी सोडावं लागतं.

म्हणून मग वर्षभर सगळं राखून ठेवतात. पोराचं जावळ, ते आल्यावर. वास्तुशांती, ते आल्यावर. सातबाऱ्यावरची नोंद, बँकेचं कर्ज, बांधाचं भांडण, आईचा मोतीबिंदू, तुळजापूरला जायचं राहिलंय, अक्कलकोटला जायचं राहिलंय, मेव्हणीचं बघायचं ठरलंय, सगळं ते आल्यावर. माणूस दारात आला की पहिले दोन दिवस भेटायला येणाऱ्यांत जातात, मग कॅन्टीनमधून काय आणलं ते वाटण्यात जातात, आणि मग ही सगळी यादी. बायको-पोरांच्या वाट्याला काय येतं, तर रात्रीचं जेवण आणि मोटरसायकलवरून बाजाराला जाणं. बायको मागच्या सीटवर बसल्या बसल्या वर्षाचं सगळं सांगत असते, कारण घरात सांगायला निवांत जागाच नसते.

लहान पोराचं तर वेगळंच. आधी ते बापाला ओळखत नाही, आईच्या पदराआड जातं, काका म्हणतं. आठवडाभरात अंगावर खेळायला लागतं. मग अशी वेळ येते की झोपताना पण बापच लागतो, आणि नेमकं तेव्हा ट्रंक भरायला काढतात. निघायच्या आदल्या दिवशी घरात कडक भाकरी भाजतात आणि शेंगाची चटणी कुटतात, बरीच, कारण ती एकट्यासाठी नसते, बराकीतल्या सगळ्यांचा वाटा असतो. कडक भाकरी पंधरा दिवस सहज टिकते. एखादी सोलापुरी चादर पण ट्रंकेत जाते, कुणीतरी मागितलेली असते.

सुट्टी मोडणं हा या इतिहासातला सगळ्यात कठीण भाग. 1999 ला कारगिल सुरू झालं तेव्हा घरी आलेले जवान तार, फोन, जे मिळेल त्यावरून बोलावले गेले. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रममध्ये फौज सीमेवर गेली ती ऑक्टोबर 2002 पर्यंत, त्या वर्षी कितीतरी घरांत ठरलेली कार्यं पुढं गेली. 2025 च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी परत तेच, ऐन लग्नसराईत फोन आले आणि लोक निघाले. कुणी कुरकूर केली नाही. पण म्हणून घरच्यांना काही वाटलं नाही असं समजू नये, गाडी सुटेपर्यंत हसत हात हलवणारी बाई घरी येऊन काय करते ते घरातल्यांनाच ठाऊक असतं.

उलट झालं ते एकदाच, 2020 ला. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि जे सुट्टीवर होते ते घरीच अडकले. आजार, भीती, सगळं होतं बाहेर, पण काही पोरांना तेव्हा पहिल्यांदा बाप सलग एवढा वेळ मिळाला, कुठलं काम नाही, पाहुणे नाहीत, यादी नाही. परत गेल्यावर त्यांना चौदा दिवस क्वारंटाइन करून मग ड्युटी. त्या पोरांना अजून विचारा, ते ‘लॉकडाऊनची सुट्टी’ म्हणून बाबांच्याच गोष्टी सांगतात.

फोनमुळं मधला काळ सोपा झाला हे खरं आहे. एकेकाळी एसटीडी बूथवर रात्री दर कमी व्हायची वाट बघत रांग लावायची. उंच ठाण्यांवरून सॅटेलाइट फोननं बोलायला मिनिटाला 5 रुपये लागायचे ते 2017 च्या दिवाळीत 1 रुपया केले. आता व्हिडिओ कॉल आहे, पोरगं स्क्रीनवर बापाला ओळखतं तरी. तरीपण दारात उभा राहिलेला उंच माणूस आणि मोबाइलमधले पप्पा एकच आहेत हे समजायला त्याला एक-दोन दिवस लागतातच. आणि युनिट फिल्डमध्ये असताना बायको-पोरांना एखाद्या स्टेशनवर सेपरेटेड फॅमिली क्वार्टर मिळाले तर शाळा-दवाखाना नीट होतो, पण सासू-सासरे गावाकडं राहतात, मग सुट्टीचे दिवस परत दोन ठिकाणी वाटले जातात. केंद्रीय पोलीस दलांच्या जवानांना वर्षातले किमान 100 दिवस कुटुंबासोबत मिळावेत असं गृहमंत्रालयानं 2019 पासून धोरण म्हणून बोलायला सुरुवात केली, निदान ‘कुटुंबासोबत’ हा शब्द सरकारी बोलण्यात आला याचं मला बरं वाटतं, कारण आत्तापर्यंत सगळा हिशोब ड्युटीचाच होता.

आणि सगळ्यात नवा बदल अग्निवीरांचा. जून 2022 मध्ये योजना जाहीर झाली, चार वर्षांची सेवा आणि वर्षाला 30 दिवस सुट्टी. ही पोरं भरतीच्या वेळी अविवाहित असतात, म्हणजे त्यांची वाट बघणारे आई-वडील आणि भावंडं, अजून बायको-पोरं नाहीत. पण 90 आणि 30 मधला फरक शेतातल्या घराला लगेच कळतो. पूर्वी एक फेरी पेरणीला आणि एक सुगीला किंवा यात्रेला जमवता यायची, आता त्यातली एकच. पहिल्या बॅचची चार वर्षं 2026 च्या अखेरीला भरत येतात, त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के पुढं कायम होणार. जे कायम होतील त्यांची लग्नं होतील, पोरं होतील आणि ते जुन्या रजेच्या नियमात येतील, बाकीचे तिशीच्या आत गावाकडं परत. त्यामुळं माढ्यात, मंगळवेढ्यात, सांगोल्यात ज्यांची पोरं अग्निवीर आहेत त्या घरांत आत्ता बोलणं चालू आहे ते यंदाच्या सुट्टीत त्याला कधी बोलवायचं एवढंच नाही, तर शेतात नवी विहीर त्याला विचारून पाडायची की तो कायमचा येईपर्यंत थांबायचं, हे पण.