एमसीबी आणि आरसीसीबी: घरातले दोन वेगळे राखणदार

गेल्या पावसात गोव्यात, डिचोलीच्या आमच्या घरात रोज तिन्हीसांजेला लाइट जायची. शेजारी लख्ख उजेड, आमच्याकडे काळोख. वायरमन आला, बोर्डावरचे आपोआप पडणारे खटके बघून म्हणाला, "ही ईएलसीबी त्रास देते. काढून डायरेक्ट करून टाकू? एमसीबी आहेत ना सगळ्या." आई म्हणाली, "पडते कशाला ते बघ आधी."

पडवीतली वायर वाशाला क्लिपांनी ठोकलेली. वर एक कौल सरकलेलं. पाणी वाशावरून ओघळत थेट जोडावर येत होतं आणि त्या जोडाखाली लाकडावर बोटाएवढा काळा डाग पडला होता.

तो डाग एमसीबीला कधीच दिसला नसता. एमसीबी एवढंच बघते, की वायरमधून किती करंट जातोय. १६ अँपिअरच्या पॉइंटवर इस्त्री, गिझर असं झेपेल त्यापेक्षा जास्त एकदम लावलं, तर तिच्या आतली धातूची पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो. शॉर्ट सर्किट झालं तर आतली कॉइल क्षणात तोडते. वायर तापून पेटू नये हे तिचं काम, म्हणून तिचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो. सारखी पडते म्हणून १६ च्या जागी ३२ ची बसवून देणारे भेटतात. त्यांना तसं करू देऊ नका, कारण मग तिच्याआधी वायर जळेल.

आरसीसीबी (जुने वायरमन तिलाच ईएलसीबी म्हणतात) किती करंट गेला हे बघतच नाही. फेजने (वीज आणणाऱ्या तारेने) गेलेला करंट न्यूट्रलने (परतीच्या तारेने) तेवढाच परत आला का, हा तिचा हिशेब. घरात लावतात तिच्यावर ३० मिलिअँपिअर (हजार मिलिअँपिअर म्हणजे एक अँपिअर) लिहिलेलं असतं. तेवढी गळती व्हायच्या आत ती तोडते, मग गळती ओल्या भिंतीतून असो, वाशातून असो की माणसाच्या अंगातून.

आता आमच्या वाशाचं गणित करा. ३०० मिलिअँपिअर गळले तर २३० व्होल्टला जवळजवळ ७० वॅट होतात. जुन्या पिवळ्या बल्बएवढी ऊब, लाकडाच्या एका ठिपक्यावर, तासन्‌तास, आणि आजूबाजूला कोळिष्टकं. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा करंट काहीच नाही. आरसीसीबी मात्र याच्या दहाव्या हिश्श्यालाच पडते. उलट ओव्हरलोड झाला तर तिला पत्ता नसतो, कारण दोन्ही तारांत करंट सारखाच वाढतो. म्हणून घराला दोन्ही लागतात. दोन्ही कामं एकात करणारी आरसीबीओही मिळते.

बोर्डावर ओळखायची खूण सोपी: आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. वीज चालू असताना ते महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर ती बदला.

आणि पावसात ती पडायला लागली, तर सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. जिच्यावर पडेल त्या लाइनमध्ये बहुधा गळती आहे. एकही चढवली नसताना पडत असेल, तर बहुधा न्यूट्रल कुठेतरी अर्थच्या तारेला लागतोय. तिथे वायरमनच हवा.

एक धोका मात्र दोघींनाही दिसत नाही: ढिला जोड. करंट नेहमीएवढाच, गळती नाही, पण जोड तापत राहतो. गणेश चवथीला मखराच्या आणि माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीच्या) सगळ्या लाइटच्या माळा आपण एका मल्टिप्लगवर चढवतो, तेव्हा हात लावून बघायला हवं. आमच्याकडे आरती संपल्यावर मखरामागचा प्लग चटका बसेल इतका तापलेला लागला. मेन बंद करून सॉकेट उघडला, तर न्यूट्रलचा स्क्रू अर्धा आटा ढिला होता आणि त्याच्याजवळचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं होतं.