पूल आणि स्नूकर: फरक खिशाचा

दादरपासून डोंबिवलीपर्यंत कुठल्याही ‘स्नूकर पार्लर’मध्ये शिरा, चार टेबलांपैकी तीन पूलची निघतील. बोर्ड रंगवणाऱ्याला मी दोष देत नाही. पण मुलांना क्यू (खेळायची काठी) धरायला शिकवता शिकवता एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की कान किटले: “सर, पूल म्हणजे छोटा स्नूकरच ना?” नाही हो.

टेबलाचं आधी उरकून टाकू. स्नूकरचं टेबल १२ फुटी, बॉल पांढऱ्यासकट २२. पूलचं स्पर्धेचं टेबल ९ फुटी, बॉल मोठे (५७ मिलिमीटर; स्नूकरचे साडेबावन्न), आणि पॉकेटची तोंडं गोलसर नसून कोनात कापलेली. स्नूकरमध्ये ब्रेक म्हणजे एका खेपेत जमवलेले गुण, पूलमध्ये ब्रेक म्हणजे रॅक (सुरुवातीला रचून ठेवलेले बॉल) फोडण्याचा पहिला फटका. मोठ्या स्पर्धांतला पूल म्हणजे बहुतेक वेळा नाइन-बॉल: पांढरा बॉल टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या बॉलला आधी लागायला हवा, आणि नियमात बसून नऊ नंबर पडला की रॅक, म्हणजे तो डाव, जिंकला. बारमधलं सात फुटी टेबल या हिशेबात धरतच नाही. तिथे लोक टेबलाच्या कडेवर बिअरचा ग्लास ठेवतात. माझ्याकडे तसं केलं तर क्यू काढून घेतो.

स्नूकर येणाऱ्याला एवढं पाच मिनिटांत कळतं. पाच वर्षांतही कळत नाही ते पैशाचं.

मागे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मोबाइलवर आकडा तयार होता: जागतिक स्नूकर विजेत्याला ५ लाख पौंड. “पाच कोटींच्या वर गेले, सर. याचा हात चांगलाय, पूलमध्ये घालतो.” आकडा एका खेळाचा, पोरगा दुसऱ्या खेळात. दोन्हीकडे क्यू, दोन्हीकडे चॉक, तेव्हा कमाईही सारखीच, असं लोक धरून चालतात. खरं तर कमाईची रचनाच उलटी आहे.

व्यावसायिक स्नूकरचं दार बंद असतं. टूरवर, म्हणजे व्यावसायिकांच्या वर्षभराच्या स्पर्धामालिकेत, साधारण सव्वाशे-एकशेतीस जण. आत जायला टूर कार्ड लागतं आणि ते मिळवायचा नेहमीचा रस्ता म्हणजे क्यू स्कूल, म्हणजे पात्रता स्पर्धांची चाळण. आपल्या मुंबईचा इशप्रीतसिंग चढ्ढा २०२३ साली त्यातूनच आत गेला. कार्ड दोन वर्षांचं. त्या दोन वर्षांत जमलेल्या बक्षिसांच्या रकमेवरच क्रमवारी ठरते आणि वरच्या ६४ जणांची जागा टिकते. २०२२-२३च्या हंगामापासून वर्षाला २०,००० पौंडांची हमीही आली. वीस लाखांच्या पुढचा हा आकडा ऐकायला गोड आहे. पण टूरवर टिकायचं तर बहुतेकांना इंग्लंडमध्ये खोली घेऊन राहावं लागतं, आणि तिथलं भाडं पौंडात असतं. पंकज अडवाणीसारखा खेळाडूही २०१४ साली टूर सोडून परतला. तरी निदान पायऱ्या आहेत. आपण कितव्या पायरीवर आहोत ते खेळाडूला रोज दिसतं.

पूलचं दार उघडं. यूएस ओपनला २५६ खेळाडू उतरतात. बऱ्याच खुल्या स्पर्धांत प्रवेश फी भरायची, जागा मिळाली की ड्रॉमध्ये नाव, आणि पहिल्याच फेरीत समोर जगज्जेता उभा राहू शकतो. टेनिस बॉल क्रिकेटच्या टूर्नामेंटसारखं आहे हे: पैसे भरा, उतरा. इथेच बापमंडळी फसतात. उघडं दार म्हणजे सोपं दार, असं त्यांना वाटतं. पण आत आल्याबद्दल कुणी काही देत नाही. मोठ्या स्पर्धांत बहुधा सुरुवातीला दोन पराभव झाले की बाहेर, आणि खालच्या फेऱ्यांतून गेलेला रिकाम्या हाताने जातो. त्याची फी मात्र गेलेली असते.

हिशेब मांडून बघा. समजा मुंबईहून एका परदेशी स्पर्धेला तिकीट, व्हिसा, हॉटेल, जेवण आणि फी धरून दोन लाख लागले. वर्षाला आठ स्पर्धा, सोळा लाख. स्नूकरवाल्याचाही प्रवासखर्च असतोच, पण त्याला हमीचा टेकू आहे. पूलवाला दर वेळी शून्यावरही नाही, उणे दोन लाखांवर उभा असतो.

त्यात नाइन-बॉलचा स्वभाव. सुरुवातीच्या फेऱ्यांत जो आधी नऊ किंवा दहा रॅक घेईल तो जिंकला, ब्रेकवर बॉल नीट फुटले नाहीत की टेबल समोरच्याचं, आणि मग खुर्चीत बसून बघायचं. २०२४ साली सौदीतल्या जेद्दाला पूलच्या जागतिक स्पर्धेत विजेत्याला अडीच लाख डॉलर होते. अंतिम सामना फेडोर गोर्स्टने एक्लेंट काचीविरुद्ध १५-१४ असा जिंकला. एका रॅकचा फरक. बरं, जिंकलं म्हणजे पैसे आले, असंही नाही. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने २००६ मध्ये अमेरिकेत ५ लाख डॉलरची स्पर्धा जिंकली. बक्षिसं रखडली आणि पुढे ती स्पर्धा भरवणारी टूरच बुडाली. हाच रेयेस १९८५ साली सेझार मोरालेस हे खोटं नाव घेऊन अमेरिकेत पैशाच्या मॅच खेळला होता. ती गोष्ट पोरं मला डोळे विस्फारून सांगतात. नाव लपवावं लागत असेल तर त्याला व्यवसाय म्हणू नका, एवढंच मी म्हणतो.

एक अपवाद सांगायलाच हवा. बायकांच्या बाबतीत गणित उलटं फिरलं. ॲलिसन फिशर स्नूकरची अनेक वेळची विश्वविजेती, पण महिला स्नूकरमध्ये पैसा नव्हता, म्हणून १९९५ साली अमेरिकेत पूल खेळायला गेली आणि तिथे नाव काढलं.

भारतात तर खरं पोट तिसऱ्याच गोष्टीवर चालतं: नोकरी. अडवाणी ओएनजीसीत आहे. तेल कंपन्या खेळाडूंना घेतात, पण राष्ट्रीय पदकं बघून. आणि माझ्या पाहण्यात तरी पूलच्या पदकापेक्षा बिलियर्ड्स-स्नूकरच्या पदकाचं वजन जास्त पडतं. आशियाई स्पर्धांतून २०१०नंतर क्यूचे खेळ गेले, तेव्हापासून या नोकऱ्यांचाही ओघ आटला. उरलेले शिकवतात, पार्लर सांभाळतात, टेबलांची कापडं बदलतात. यात कमीपणा नाही, मीही तेच करतो. फक्त त्याला ‘पूल खेळून कमावतो’ म्हणू नये.

त्या गृहस्थांना मी सांगितलं, पोराला आठवड्यातले चार दिवस १२ फुटी टेबलावर उभा करा. तिथे लांबचा बॉल सरळ पडायला लागला की ९ फुटांवर पॉकेट दरवाजाएवढं दिसतं. पूलचा ब्रेक तेवढा स्नूकर शिकवत नाही. तो वेगळा बसवावा लागतो, त्याला आणखी दोन दिवस.

जाताना त्यांनी विचारलं, “टेबलाचे पैसे हरणारा देतो ना इथे?”

“हो,” म्हटलं, “म्हणजे पहिली दोन वर्षं तुम्हीच.”