३९,७३१ बाइट

टर्बो पास्कल म्हणजे पास्कल या भाषेत प्रोग्रॅम लिहायचं ऐंशीच्या दशकातलं सॉफ्टवेअर. त्याच्या ३.०२ या आवृत्तीची मुख्य फाइल ३९,७३१ बाइटची होती. आज फोनवर काढलेल्या एका साध्या फोटोच्या जागेत अशा पन्नासेक फाइली आरामात बसतील. एवढ्याशा फाइलीत प्रोग्रॅम लिहायचा एडिटर होता, त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर होता आणि तयार झालेल्या प्रोग्रॅमला अक्षरं छापण्यापासून वर्गमूळ काढण्यापर्यंत जे जे लागेल ती सगळी शिदोरीही होती. चुकांचे संदेश मात्र वेगळ्या फाइलीत ठेवलेले असत. सुरू होताच टर्बो पास्कल विचारायचा, संदेश मेमरीत घेऊ का? मेमरी वाचवायची असेल तर ‘नको’ म्हणायचं. मग चूक झाली की नुसता आकडा दिसायचा आणि पुस्तक उघडून त्याचा अर्थ शोधावा लागायचा. दीड-दोन किलोबाइटसाठी माणसाला पुस्तकाकडे पाठवणारं सॉफ्टवेअर आता कुणी लिहिणार नाही.

जुन्या सॉफ्टवेअरच्या आठवणी निघाल्या की लोक हळवे होतात. मीही होतो. पण मला त्यातलं खरं आकर्षण वेगळं वाटतं. त्या यंत्रातल्या कुठल्याही चमत्काराचं, कुठल्याही खोडीचं ‘का’ शोधत गेलं, तर दोन-तीन पायऱ्यांत तळ लागायचा. तळाशी एखादी तार असायची, एखादा स्फटिक, नाहीतर एखादा आकडा.

टर्बो पास्कलचंच घ्या. त्याचा मूळ कंपायलर अँडर्स हेल्सबर्ग या डॅनिश तरुणानं लिहिला. बोरलँड कंपनीनं तो १९८३ मध्ये ४९.९५ डॉलरला बाजारात आणला. त्या काळी बाकीच्या कंपायलरांना शेकडो डॉलर मोजावे लागत. पण लोक वेडे झाले ते वेगामुळे. तोवरची रीत अशी, की एका प्रोग्रॅमात मजकूर लिहायचा, फ्लॉपीवर साठवायचा, मग कंपायलर चालवायचा. तो मजकूर एकदा वाचून मधली फाइल फ्लॉपीवर लिहिणार, ती पुन्हा वाचणार, पुन्हा लिहिणार. शेवटी लिंकर नावाचा तिसरा गडी येऊन तुकडे जोडणार. फ्लॉपीची खरखर ऐकत बसायचं आणि शेवटी कळायचं की पाचव्या ओळीत अर्धविराम राहिला.

हेल्सबर्गनं हा सगळा फेरा मेमरीतच उरकला. मजकूर मेमरीत, कंपायलर मेमरीत, तयार झालेला प्रोग्रॅमही मेमरीतच. शिवाय मजकूर एकदाच वाचायचा आणि वाचता वाचताच यंत्रभाषा ओतत जायची. हे जमलं त्याचं अर्धं श्रेय निक्लाउस विर्थ यांना जातं. त्यांनी पास्कल भाषा बेततानाच नियम घातला होता की कुठलंही नाव वापरण्याआधी त्याची ओळख करून द्या. त्यामुळे कंपायलरला मागे वळून पाहावंच लागत नाही. विद्यार्थ्यांना जाच वाटणारा हा नियम कंपायलरला वरदान ठरला.

याची किंमतही होती. एका वाचनात तयार झालेली यंत्रभाषा तशी ओबडधोबडच असायची. सावकाश काम करणारे कंपायलर जास्त घोटीव प्रोग्रॅम देत. आणि टर्बो पास्कल पहिल्याच चुकीला थांबायचा. बाकीचे कंपायलर पंचवीस चुकांची यादी हातात देत, हा मात्र कर्सर नेमका चुकीच्या जागी नेऊन ठेवायचा. काहींना हा उणेपणा वाटे. माझं मत उलट आहे: त्या पंचवीसांतल्या बऱ्याचशा चुका पहिल्या चुकीचीच पिल्लं असतात.

टर्बो पास्कलच्या एडिटरच्या कळा वर्डस्टार या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमच्या होत्या. १९७८ मध्ये रॉब बार्नबी यांनी वर्डस्टार लिहिला, तेव्हा कित्येक कीबोर्डांवर बाणांच्या कळाच नव्हत्या. म्हणून कंट्रोल दाबून ई म्हणजे वर, एक्स म्हणजे खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. कीबोर्डवर या चार अक्षरांचा चौकटच्या पानासारखा आकार होतो. बाहेरच्या बाजूला ए आणि एफ, त्यांनी एकेक शब्द उडी मारायची. पुढे बाणांच्या कळा सर्रास आल्या तरी जुन्या हातांची ही सवय सुटली नाही.

आता निळा पडदा. टर्बो सी (बोरलँडचंच, पण सी भाषेसाठीचं) किंवा टर्बो पास्कल म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे निळ्यावरची पिवळी अक्षरं येतात, त्यांच्यासाठी हा आकडा: ३०.

अक्षरांच्या त्या स्क्रीनवर ८० रकाने आणि २५ ओळी, म्हणजे २,००० घरं. प्रत्येक घराला मेमरीत दोन बाइट. पहिल्यात अक्षराचा क्रमांक, दुसऱ्यात रंग. बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे आठ अंक. रंगाच्या बाइटमधले खालचे चार बिट अक्षराचा रंग ठरवत, त्यावरचे तीन बिट पार्श्वभूमीचा, आणि सगळ्यात वरचा बिट लावला की अक्षर लुकलुकायला लागे. निळ्याचा क्रमांक १, पिवळ्याचा १४. पार्श्वभूमीच्या रंगाला १६ ने गुणायचं आणि अक्षराचा रंग मिळवायचा: १६ अधिक १४ म्हणजे ३०. एखाद्या घरात ६५ आणि ३० हे दोन आकडे ठेवले की तिथे निळ्यावर पिवळा ‘ए’ उमटायचा. ३० मध्ये १२८ मिळवून १५८ केले की तोच ‘ए’ डोळे मिचकावू लागायचा.

मध्ये कुणी दलाल नव्हता. अख्खी स्क्रीन म्हणजे ४,००० बाइट, आणि ते मेमरीत कुठे आहेत हे सगळ्यांना ठाऊक. ऑपरेटिंग सिस्टिमला विनवणी करून अक्षर छापायला वेळ लागायचा, म्हणून चपळ प्रोग्रॅम थेट त्या घरांमध्येच लिहीत. १९८३ चं लोटस १-२-३ हे आकडेमोडीच्या कोष्टकांचं सॉफ्टवेअर झटपट वाटायचं त्याचं एक कारण हेच.

खिडक्यांच्या त्या दुहेरी चौकटीही अक्षरंच होती. आडवी दुहेरी रेघ म्हणजे २०५, उभी १८६, वरचा डावा कोपरा २०१. ते चार कोपऱ्यांचे आकडे मला अजून पाठ आहेत, त्याचा आता काडीचाही उपयोग नाही. खिडकीखाली पडणारी सावली मला फार दिवस गूढ वाटायची, कारण सावलीतली अक्षरं अंधुक का होईना वाचता येत. उलगडा झाला तेव्हा हसू आलं. अक्षरांच्या बाइटना हात लावायचाच नाही, फक्त शेजारचे रंगाचे बाइट काळपट करायचे. झाली सावली.

हे ४,००० बाइट जिथे होते, तिथेच प्रोग्रॅमांच्या मेमरीवरच्या ६४० किलोबाइटच्या कुप्रसिद्ध मर्यादेचं मूळ आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्याच्या २० तारा होत्या, म्हणजे एकूण १,०२४ किलोबाइटपर्यंतच पत्ते. त्यातले वरचे ३८४ किलोबाइट आयबीएमनं स्क्रीन, रॉम (कायमची कोरलेली मेमरी) आणि वेगवेगळी कार्डं यांच्यासाठी राखून ठेवले. उरले ६४०. रंगीत मजकुराची घरं ७३६ किलोबाइटच्या खुणेवर सुरू होत, म्हणजे सीमेच्या जरा पलीकडे. पहिला पीसी अवघ्या १६ किलोबाइटवरही विकला जायचा. त्या दिवशी ६४० ही चैनच होती. दहा वर्षांनी तिचा फास झाला.

वेळेची गोष्ट तर मला याहून आवडते.

पहिल्या पीसीच्या पोटात यंत्राला ठोके देणारा १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक होता. हा असला वेडावाकडा आकडा का? कारण त्याला चारने भागलं की ३.५८ येतात, आणि ती अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताची वारंवारिता. पीसी घरच्या टीव्हीला जोडता यावा म्हणून ती हवी होती. मग त्याच स्फटिकाला तीनने भागून प्रोसेसरचा ४.७७ मेगाहर्ट्झचा ठोका काढला आणि बाराने भागून घड्याळाच्या चिपचा. ती चिप ६५,५३६ मोजून झाले की एकदा टिक्‌ करायची, कारण १६ बिटांत त्यापुढे मोजताच येत नाही. भागाकार करून पाहा, सेकंदाला १८.२ टिक येतात. दोन टिकांमध्ये ५५ मिलिसेकंद.

मी सापाचा खेळ लिहिला होता, जसा त्या काळी प्रोग्रॅमिंग शिकणारा प्रत्येक जण लिहायचा. साप फार पळायला लागला की त्याला आवरण्यासाठी एक रिकामी फेरी घालायची: यंत्रा, तीस हजारांपर्यंत मोज आणि मग पुढचं पाऊल टाक. माझ्या यंत्रावर ठीक. वेगवान यंत्रावर तोच साप पिसाळायचा. मोठ्या कंपन्यांच्या खेळांचंही तेच व्हायचं, म्हणून नंतरच्या कित्येक पीसींच्या तोंडावर ‘टर्बो’ लिहिलेलं बटण असायचं. नाव टर्बो, खरं काम यंत्राला मंद करणं.

टर्बो पास्कलच्या लेखकांनी शहाणपणा केला होता. त्यांच्या ‘सीआरटी’ या भागात ‘डिले’ नावाची सोय होती: इतके मिलिसेकंद थांब म्हटलं की थांबायचं, यंत्र कुठलंही असो. प्रोग्रॅम सुरू होतानाच हा भाग गुपचूप एका टिकेपासून दुसऱ्या टिकेपर्यंत रिकाम्या फेऱ्या मारून मोजायचा. त्या आकड्याला ५५ ने भागलं की एका मिलिसेकंदाच्या फेऱ्या मिळाल्या. हे उत्तर १६ बिटांत ठेवायचं, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. मिलिसेकंदाला ६५ हजार फेऱ्या मारणारं यंत्र तेव्हा स्वप्नातही नव्हतं.

नव्वदीच्या उत्तरार्धात २०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे प्रोसेसर आले आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेले प्रोग्रॅम सुरू होताक्षणीच कोसळू लागले. संदेश एकच: रनटाइम एरर २००, शून्याने भागाकार. लोकांनी आपापले प्रोग्रॅम पिंजून काढले, शून्य कुठेच सापडेना. सापडणार कसं? भागाकार ५५ नेच होत होता. फक्त उत्तर १६ बिटांत मावत नव्हतं, आणि इंटेलचे प्रोसेसर ‘शून्याने भागलं’ आणि ‘उत्तर मावलं नाही’ या दोन्ही तक्रारी एकाच खिडकीवर घेतात. एररचा २०० आणि मेगाहर्ट्झचा २०० हा निव्वळ योगायोग, पण त्यानं किती जणांना भलत्याच वाटेनं धाडलं असेल! शेवटी तयार प्रोग्रॅमांच्या फाइलीतले मोजके बाइट बदलणारी छोटी अवजारं लोकांनी लिहिली. मूळ मजकूर हरवलेल्या प्रोग्रॅमांना तेवढाच आधार होता.

यंत्राच्या आत असा हात घालता यायचा याचं आणखी एक उदाहरण म्हणजे पुसलेली फाइल परत आणणं. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये नॉर्टन युटिलिटीज आणल्या, त्यातली ही सोय लोकांना जादू वाटली. डॉस म्हणजे पीसीची तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यात प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटची: आठ अक्षरं नाव, तीन आडनाव, तारीख, वेळ, लांबी, आणि पहिला तुकडा डिस्कवर कुठे आहे तो आकडा. फाइल पुसा म्हटल्यावर डॉस नावाच्या पहिल्या अक्षरावर २२९ हा आकडा लिहायचा आणि तिच्या जागा मोकळ्या झाल्याची नोंद करायचा, बस. मजकूर जागच्या जागी. म्हणून तर परत आणताना नॉर्टन विचारायचा, नावाचं पहिलं अक्षर काय होतं? बाकी सगळं त्याला माहीत असायचं. मधल्या वेळात तुम्ही दुसरं काही साठवलं नसेल तर फाइल हाती यायची. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून पुसलेले फोटो आजही परत मिळू शकतात, ते बहुतेकदा याच आळशीपणामुळे.

या मोकळेपणाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे नुसतं स्मरणरंजन होईल. मेमरीच्या अगदी सुरुवातीला १,०२४ बाइटचं एक कोष्टक असायचं. टिक झाली की कुठे जायचं, कळ दाबली की कुठे जायचं, असे २५६ पत्ते त्यात. १९८४ चं साइडकिक हे पत्ते बदलूनच दुसऱ्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर वही नि कॅलक्युलेटर उघडायचं. कळ आधी त्याच्याकडे जायची, नको असेल तर तो ती पुढे सरकवायचा. सुंदर युक्ती. पण त्या कोष्टकावर कुणाचाच पहारा नव्हता. माझ्या सी प्रोग्रॅममधल्या एका भरकटलेल्या पॉइंटरनं, म्हणजे मेमरीतला चुकीचा पत्ता धरून बसलेल्या आकड्यानं, तिथे काही खरडलं, की पुढच्याच टिकेला, म्हणजे सेकंदाच्या अठराव्या भागात, यंत्र भलत्याच पत्त्यावर उडी मारून गार पडायचं. साठवायचं राहिलेलं सगळं गेलं. एफ२ दाबून साठवल्याशिवाय कंट्रोल-एफ९ दाबून प्रोग्रॅम चालवायचा नाही, हे अशा दोन-तीन संध्याकाळी वाया गेल्यावर बोटांना कळलं. आजच्या प्रोसेसरांत प्रत्येक प्रोग्रॅमला आपापलं कुंपण असतं, आणि मला ते कुंपण हवंच आहे.

तरी कधीतरी डॉसबॉक्स उघडतो. आजच्या यंत्रात जुन्या पीसीचं सोंग घेणारा हा प्रोग्रॅम मुद्दाम सावकाश चालतो. कंट्रोल-एफ१२ दाबलं की त्याचा वेग वाढतो, कंट्रोल-एफ११ ने कमी होतो. त्यात माझा तो जुना साप अजून आहे, त्याच तीस हजारांच्या रिकाम्या फेरीसकट. वेग चढवत गेलो तर तो दिसायच्या आतच भिंतीवर आपटून मरतो. मग एफ११ दाबत दाबत खाली यायचं, तो पुन्हा वळवता येईल तिथपर्यंत.