नव्या मॅनेजरच्या हाताला गुण असतो का?

३ जून २०२२ रोजी फिलाडेल्फिया फिलीज या अमेरिकी बेसबॉल संघानं आपला मॅनेजर जो जिरार्डी याला नारळ दिला. हंगामाचे ५१ सामने झाले होते, त्यांत २२ विजय आणि २९ पराभव. जिरार्डी काही नवशिका नव्हता. २००९ मध्ये न्यूयॉर्क यँकीजनं वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम लढत, जिंकली ती त्याच्याच हाताखाली. त्याच्या जागी आला त्याचाच सहायक रॉब थॉमसन. वय ५८, आणि अव्वल दर्जाच्या संघाचा मॅनेजर होण्याची ही पहिलीच वेळ. थॉमसनच्या फिलीजनी पहिले आठही सामने जिंकले, ते धरून हंगामातल्या उरलेल्या १११ पैकी ६५ जिंकले आणि थेट वर्ल्ड सिरीज गाठली. तिथं ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी त्यांना ४-२ असं हरवलं, पण जूनमध्ये ज्या संघाची आशा सोडून दिली होती त्याच्यासाठी हेही अप्रूपच.

बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे खेळाडूंची तिकिटं आणि हॉटेलं बघणारा माणूस नव्हे, हे आधी सांगायला हवं. क्रिकेटच्या भाषेत तो कोच आणि कर्णधार असा दोन्ही असतो. खेळाडूंचाच गणवेश घालून मैदानालगत बसतो. फलंदाजीचा क्रम, थकलेल्या पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, कधी काढायचं, कुणाला कुणाच्या जागी पाठवायचं, हे सगळं तोच ठरवतो. आयपीएलमध्ये २०१३ साली रिकी पाँटिंगनं स्वतःला संघाबाहेर ठेवलं, कप्तानी रोहित शर्माकडे आली आणि मुंबई इंडियन्सनं पहिलं विजेतेपद पटकावलं, ते आठवणाऱ्या माणसाला फिलीजची गोष्ट लगेच पटेल. माणूस बदलला, नशीब बदललं.

आता त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. थॉमसनचे पहिले तीन विजय ज्या संघाविरुद्ध होते तो लॉस एंजेलिस एंजल्स तेव्हा हरण्याच्या मालिकेतच अडकला होता. सलग १२ सामने हरल्यावर, म्हणजे ७ जूनला, त्यांनीही आपल्या मॅनेजरला, जो मॅडनला, काढलं. मॅडननं २०१६ मध्ये शिकागो कब्जचा १०८ वर्षांचा वर्ल्ड सिरीजचा दुष्काळ संपवला होता. त्याच्या जागी फिल नेव्हिन आला. मालिका १४ पराभवांपर्यंत लांबली. मॅडनच्या हाताखाली संघाचे २७ विजय आणि २९ पराभव होते; नेव्हिनच्या हाताखाली ४६ विजय आणि ६० पराभव.

त्याच वर्षी कामगिरीवरून आणखी दोन संघांनी हंगामाच्या मध्येच मॅनेजर बदलला. टोरोंटो ब्लू जेज सावरला. टेक्सास रेंजर्सची नव्या माणसाच्या हाताखाली १७ विजय, ३१ पराभव अशी दैना झाली. चार प्रयोग, दोन यशस्वी, दोन फसलेले. आठवणीत मात्र फिलीजचाच राहतो, कारण फसलेल्या प्रयोगांवर कुणी माहितीपट काढत नाही.

आपल्याकडे एखाद्या डॉक्टरच्या ‘हाताला गुण आहे’ असं म्हणतात. यातला मोठा भाग वेळेचा असतो. आधीच्या डॉक्टरकडे आपण ताप चढत असताना गेलेलो असतो. त्याच्यावरचा विश्वास उडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा ताप उतरणीला लागलेला असतो. बेसबॉलचा नवा मॅनेजर हा नेमका दुसरा डॉक्टर असतो. संघ तळाला जातो तेव्हाच त्याला बोलावलं जातं, आणि तळाला गेलेल्याला जायला बहुतेक वेळा वरचीच वाट उरलेली असते.

हे किती खरं आहे ते नाण्यानं तपासता येतं. नाणं ५१ वेळा उडवा. २२ किंवा त्याहून कमी वेळा छापा पडण्याची शक्यता साधारण २० टक्के आहे. म्हणजे अमेरिकेतले ३० संघ अगदी तंतोतंत सारख्या ताकदीचे असते, तरी ५१ सामन्यांनंतर त्यांतले पाच-सहा जण फिलीजच्या अवस्थेत किंवा त्याहून वाईट अवस्थेत दिसले असते. अख्ख्या १६२ सामन्यांचा हंगाम घेतला तरी योगायोगाचा हिसका बराच मोठा असतो: निव्वळ सरासरी संघ नशिबाच्या जोरावर ८७ सामने जिंकू शकतो किंवा ७५ वर अडकू शकतो, आणि त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नसतं. बेसबॉलमध्ये उत्तम संघही दहातले चार सामने हरतो आणि रद्दी संघही दहातले चार जिंकतो. फरक इतका बारीक असल्यामुळे दीड-दोन महिन्यांच्या निकालांवरून संघाची खरी ताकद वाचणं अवघड होतं.

संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणं’ म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये उंच आईबापांची मुलं सरासरीनं त्यांच्यापेक्षा थोडी बुटकी का निघतात याचा हिशेब मांडला, तिथून ही कल्पना आली. टोकाच्या निकालात गुणांबरोबर नशिबाचाही वाटा असतो. पुढच्या खेपेला गुण तेच राहतात, नशीब मात्र पुन्हा तितकंच टोकाचं येत नाही.

कोलोरॅडो रॉकीज या संघानं तर याचं जवळजवळ विनोदी उदाहरण दिलं. २०२५ च्या मे महिन्यात त्यांचा हिशेब होता ७ विजय, ३३ पराभव. एक सामना तर २१-० असा हरले. बड ब्लॅकला काढून वॉरन शेफरला आणलं. त्याच्या हाताखाली ३६ विजय आणि ८६ पराभव. विजयांचं प्रमाण साडेसतरा टक्क्यांवरून साडेएकोणतीस टक्क्यांवर गेलं. कागदावर ही घसघशीत सुधारणा आहे. हंगामाअखेर संघ ११९ सामने हरलेला होता.

तेव्हा ‘मॅनेजर बदलल्यावर संघ सुधारला का?’ हा प्रश्नच लंगडा आहे. विचारायचं ते असं: तितकाच गाळात गेलेला, पण मॅनेजर न बदललेला संघ किती सुधारला? औषधाची चाचणी करताना काहींना औषध आणि काहींना नुसती साखरेची गोळी देतात, तसंच. हॉलंडमधले अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी डच फुटबॉलच्या १९८६ ते २००४ या काळातल्या माहितीवर हीच तुलना केली. प्रशिक्षक बदललेले क्लब सावरले, पण तशाच घसरणीतून गेलेले आणि प्रशिक्षक न बदललेले क्लबही तितकेच सावरले. बदलाचा वेगळा असा फायदा दिसला नाही.

बेसबॉलवरचा अभ्यास त्याहून जुना आहे. ऑस्कर ग्रस्की या समाजशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये दाखवलं की वारंवार मॅनेजर बदलणारे संघ वाईट खेळतात. पण वारंवार बदलतात म्हणून वाईट खेळतात, की वाईट खेळतात म्हणून बदलतात? पुढच्याच वर्षी विल्यम गॅमसन आणि नॉर्मन स्कॉच यांनी तिसरी शक्यता मांडली: मॅनेजरमुळे फारसा फरक पडतच नाही, त्याची हकालपट्टी हा एक विधी आहे, बळीचा बकरा कापण्याचा. मला हे उत्तर जरा जास्तच धारदार वाटतं, पण रोख बरोबर आहे.

खरा बंदिस्त प्रयोग करायचा तर दोन संघांनी आपापले मॅनेजर एकमेकांना द्यायला हवेत. हे होणं शक्य नाही असं वाटतं, आणि तरी ते झालंय. ऑगस्ट १९६० मध्ये डेट्रॉइट टायगर्स आणि क्लीव्हलँड इंडियन्स यांनी, खेळाडूंची करतात तशी, मॅनेजरांची अदलाबदल केली. जिमी डाइक्स क्लीव्हलँडला गेला, जो गॉर्डन डेट्रॉइटला आला. डेट्रॉइटचे डाइक्सच्या हाताखाली ४४ विजय आणि ५२ पराभव होते, म्हणजे ४५.८ टक्के. गॉर्डनच्या हाताखाली २६ विजय, ३१ पराभव: ४५.६ टक्के. सुईचं टोकही हललं नाही. क्लीव्हलँडची गाडी मात्र ५१.६ टक्क्यांवरून ४४.८ वर घसरली. दोन संघ आणि दीड-दोन महिने एवढ्यावरून कायदा काढता येत नाही, पण इतकी नीटस अदलाबदल पुन्हा कुठून मिळणार?

याच्या उलटा प्रयोग म्हणजे मॅनेजर तोच आणि खेळाडू बदललेले. त्यासाठी कॉनी मॅककडे जायला हवं. हा गृहस्थ १९०१ ते १९५० अशी सलग ५० वर्षं फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचा मॅनेजर होता. गणवेश न घालता सूट-टाय लावून बसायचा. संघात त्याची मालकीही होती, त्यामुळे त्याला काढणार कोण? १९१४ मध्ये त्याच्या संघानं ९९ सामने जिंकले. मग पैशांची चणचण आली, मोठे खेळाडू विकले गेले किंवा सोडून गेले. १९१५ मध्ये विजय ४३. १९१६ मध्ये ३६ विजय आणि ११७ पराभव. डोकं तेच, डावपेच तेच, अनुभव तर दोन वर्षांनी वाढलेलाच.

मग मॅनेजर शोभेचा असतो का? नाही. पण आकडेमोड करणाऱ्यांच्या हिशेबानं साधारण १० धावांचा फायदा म्हणजे हंगामात एक जादा विजय, आणि फलंदाजीचा क्रम शहाणपणानं लावणं आणि नेहमीसारखा लावणं यांतला फरक हंगामभरात त्याच घरातला असतो. पिचर कधी बदलायचा यात थोडं अधिक हाती लागतं. कोणते खेळाडू विकत घ्यायचे, कुणाला सोडायचं, हे तर मॅनेजरच्या वरच्या मजल्यावर ठरतं. माणसं सांभाळणं, भांडणं मिटवणं, तरुण खेळाडूवर भरवसा ठेवणं यांचं मोल नक्कीच असणार. फक्त ते मोजायचं तर अशाच योगायोगाच्या गोंगाटातून वेगळं काढावं लागतं.

फिलीजच्या बाबतीतही तेच आहे. जूनच्या शेवटी त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू ब्राइस हार्पर याचा अंगठा मोडला आणि तो दोन महिने बाहेर बसला, तरी संघ जिंकत राहिला. हे थॉमसनच्या खात्यावर टाकायला हरकत नाही. पण ऑगस्टच्या सुरुवातीला संघात नवे खेळाडूही आले: ब्रँडन मार्श, नोआ सिंडरगार्ड, डेव्हिड रॉबर्टसन. यांतले पहिले दोघे आले कुठून? एंजल्सकडून. तिकडे मॅनेजर बदलूनही काही जमेना, म्हणून त्यांनी दुकान आवरायला घेतलं होतं. म्हणजे ‘आधी’चा संघ आणि ‘नंतर’चा संघ हे दोन्हीकडे वेगळेच होते.

टेक्सास रेंजर्सचं तर मला वाईट वाटतं. २०२२ मध्ये एका धावेच्या फरकानं निकाल लागलेले ५० सामने ते खेळले, त्यांतले १५ जिंकले आणि ३५ हरले. इतक्या अटीतटीच्या सामन्यांत निकाल बऱ्याच अंशी नाण्यासारखा पडतो. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी विजयांचं अपेक्षित प्रमाण काढायचं एक सोपं सूत्र दिलंय: काढलेल्या धावांचा वर्ग, भागिले काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. रेंजर्सच्या ७०७ आणि ७४३ धावा त्यात घातल्या तर अपेक्षित विजय येतात ७७. प्रत्यक्षात ६८ झाले. या नऊ विजयांच्या खड्ड्यात मॅनेजर ख्रिस वुडवर्ड गेला. पुढच्या वर्षी ब्रूस बोची आला, महागडे पिचर आले आणि रेंजर्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली. श्रेय अर्थातच बोचीला मिळालं.

तरीही मालक मॅनेजर बदलतात, कारण दुसरं काही बदलता येत नाही. हार्परचा करार १३ वर्षांचा, ३३ कोटी डॉलरचा आहे. दोन महिने वाईट गेले म्हणून त्याला कोण काढणार? २६ खेळाडूंच्या तुलनेत एक मॅनेजर स्वस्त पडतो, आणि प्रेक्षकांना काहीतरी केल्यासारखं दिसतं.

१९८८ चा हंगाम या बाबतीत फार सुरस आहे. बोस्टन रेड सॉक्सनं जुलैमध्ये मॅनेजर बदलला. नव्या जो मॉर्गनच्या हाताखाली पहिल्या २० सामन्यांत १९ विजय! वर्तमानपत्रांनी त्याला ‘मॉर्गन मॅजिक’ म्हटलं. उरलेल्या ५७ सामन्यांत त्याच मॉर्गनचे २७ विजय आणि ३० पराभव.

त्याच वर्षी बाल्टिमोर ओरिओल्सनं हंगामाचे पहिले सहा सामने हरल्याबरोबर कॅल रिपकेन सीनियर याला काढलं. त्याचे दोन मुलगे त्याच संघात खेळत होते, त्यामुळे ड्रेसिंग रूममधलं वातावरण काय असेल याची कल्पना करा. त्याच्या जागी आला फ्रँक रॉबिन्सन, एके काळचा याच संघाचा महान फलंदाज. त्याच्या हाताखाली संघ आणखी १५ सामने सलग हरला, एकूण २१; सुरुवातीपासून इतके पराभव सलग कुणीच पाहिले नव्हते. वर्षअखेर ५४ विजय, १०७ पराभव. रॉबिन्सनला मात्र ठेवलं. पुढच्या वर्षी नव्या दमाच्या पोरांना घेऊन त्याच रॉबिन्सनच्या संघानं ८७ सामने जिंकले आणि त्याला वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर म्हणून गौरवलं गेलं.

१९९१ मध्ये ओरिओल्सची सुरुवात १३ विजय, २४ पराभव अशी झाली. रॉबिन्सनला काढून जॉनी ओट्सला आणलं. उरलेल्या हंगामात त्यांनी ५४ सामने जिंकले आणि ७१ हरले.